शुगरच्या पेशंटला अ‍ॅडमिट करताना: बिल यायच्या आधी करायची कामं

गेल्या आषाढी वारीला आमचे मामा आळंदीहून निघाले. फलटण येईतो डाव्या तळपायाला फोड आला, फुटला. त्यांनी त्यावर धोतराची चिंधी बांधली आणि चालत राहिले. दुखलंच नाही म्हणे. सोळा वर्षं शुगर असलेल्या माणसाचा फोड दुखत नाही म्हणजे पायाची संवेदना गेलेली असते, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पंढरपूरहून आल्यावर रात्री पाय चेपताना मामीला वास आला. बोटं काळी पडली होती.

अकरा दिवस अ‍ॅडमिट. एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. बिल झालं ३,२६,००० रुपये. मामेभावाच्या कंपनीचा विमा होता, तरी खिशातून ८५,५०० गेले. त्यातले साडेसदुसष्ट हजार एका सहीमुळे गेले, आणि ती सही माझी होती. तो हिशेब पुढे येईल.

मधुमेहाचं दवाखान्याचं बिल हर्नियासारखं एकदा येऊन मिटत नाही. पायाच्या जखमेला ऑपरेशननंतर दोन-दोन महिने ड्रेसिंग लागतं. डोळ्याच्या पडद्याची इंजेक्शनं दर महिन्याला. डायलिसिस आठवड्याला दोनदा-तीनदा, जन्मभर. म्हणून ‘ऑपरेशनला किती लागतील’ एवढंच विचारून घरी पैशाची जमवाजमव करायला गेलात की गणित चुकलंच. खालची कामं ज्या क्रमाने करायला हवी होती त्या क्रमाने लिहिली आहेत. आम्ही ती बरोबर उलटी केली.

पहिलं काम: फाइल, आजच

एक प्लास्टिकची फाइल घ्या आणि तिच्यात हे ठेवा: रेशनकार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, विम्याची पॉलिसी (नुसतं कार्ड नव्हे, अटींसकट सगळी पानं), शेवटचे शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लघवीतल्या प्रथिनांचे रिपोर्ट, आणि चालू गोळ्या-इन्सुलिनची यादी.

यात उत्पन्नाचा दाखला सगळ्यात जास्त रखडतो. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो, पण तलाठ्याच्या चौकशीत दिवस जातात, आणि पेशंट आयसीयूत असताना ते दिवस नसतात. रेशनकार्डावर पेशंटचं नाव आहे ना, ते आधारवरच्या नावाशी जुळतं ना, हेही बघा. आमच्या मामांचं नाव एका ठिकाणी ‘ज्ञानदेव’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ज्ञानू’ होतं. असल्या एका अक्षरावर मंजुरी अडते.

दुसरं काम: कुठल्या दारातून आत जायचं

खरी तातडी असेल तर योजनाबिजना शोधत बसू नका. शुगर खूप वाढून उलट्या, धाप आणि गुंगी. छातीत दडपण किंवा एकाएकी दम लागून घाम फुटणं (शुगरच्या माणसाला हार्ट अ‍ॅटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही). पाय काळा-निळा आणि सोबत थंडीताप: यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन, जवळचं मोठं रुग्णालय, आणि बाकीचं नंतर. ही रुग्णवाहिका मोफत असते.

मात्र मधुमेहाच्या बऱ्याच अ‍ॅडमिशनमध्ये चार-सहा तास, कधी दोन दिवसही हाताशी असतात. त्या वेळात ‘चांगला डॉक्टर कोण’ यासोबत ‘पैसे कोण भरणार’ हाही प्रश्न सोडवायचा. जो पैसे भरणार आहे तो कुठल्या रुग्णालयात भरतो, हे बघून रुग्णालय ठरवायचं. आम्ही आधी रुग्णालय ठरवलं, डिपॉझिट भरलं, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात जन आरोग्य योजना होती. जखम उघडी असताना पेशंट हलवणार कोण?

तिसरं काम: जन आरोग्य योजना

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून चालते. १ जुलै २०२४ पासून दोन ठळक बदल झाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाखांचं संरक्षण मिळू लागलं, आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढरं रेशनकार्डही चालू लागलं. ‘ते गरिबांसाठी असतं’ असं म्हणून आमच्यासारखी घरं आजही तिकडे फिरकत नाहीत. मामांचं कार्ड केशरी होतं, आणि ते अकराही दिवस मामीच्या पत्र्याच्या डब्यात पडून होतं.

करायचं असं. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर फोन करून जिल्ह्यातली योजनेतली रुग्णालयं विचारा. नुसतं ‘योजना आहे का’ विचारू नका; ‘डायबेटिक फूटचं ऑपरेशन तिथे योजनेत होतं का’ असं आजाराचं नाव घेऊन विचारा. कारण एखादं रुग्णालय हृदयविकारासाठी योजनेत असतं, पायासाठी नसतं, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. रुग्णालयात पोचल्यावर डिपॉझिटच्या खिडकीकडे जायच्या आधी ‘आरोग्यमित्रा’चा टेबल गाठा. कागद तो तपासतो, मंजुरीला तो पाठवतो. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, ऑपरेशन, जेवण आणि डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो. ‘योजनेतून होईल, पण इतके वरचे द्या’ असं कुणी म्हणालं तर पावती मागा. पावती द्यायला जीभ चाचरली की तोच टोल फ्री नंबर तिथेच उभं राहून लावा.

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्याच्या नावाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्न न बघता मिळतं. कारखान्यात किंवा दुकानात २१,००० रुपयांपर्यंत पगारावर असलेल्यांचं ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असतं, आणि त्यात आई-वडीलही बसू शकतात, हे पगाराची स्लिप हातात असूनही लोक विसरतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना वेगळी आहे: तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

आणि साधं सरकारी रुग्णालय? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. शुगर कंट्रोल करणं, जखमेचं ड्रेसिंग, सलाइनवरची अँटिबायोटिक्स ही कामं तिथे होतात. गर्दी असते, हे खरं. पण रोज पाचशे रुपये देऊन ड्रेसिंग करून घेणाऱ्या माणसाने एकदा ग्रामीण रुग्णालयाच्या सिस्टरला भेटून यावं.

चौथं काम: धर्मादाय रुग्णालय ओळखा

पुण्या-मुंबईतली बरीच मोठी, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्ट आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना यांमुळे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या खर्चात द्याव्या लागतात. त्यासाठी ते बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे. दुसरा आकडा पुन्हा वाचा: महिना तीस हजार कमावणारं घर त्यात बसतं.

रिसेप्शनवर विचारलंत तर ‘खाटा भरल्या’ असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसते. तिचा स्क्रीनशॉट काढून मग खिडकीशी जा, बोलण्याचा सूर बदलतो. तातडीच्या रुग्णाला पैशासाठी अडवता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे.

पाचवं काम: मेडिक्लेम असेल तर खोली निवडण्याआधी पॉलिसी वाचा

आता माझी सही. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर खोलीचा प्रकार लिहायचा होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “डिलक्स देऊ का सर, नातेवाइकांना सोफा आहे, इन्शुरन्स आहे ना?” मी ‘हो’ म्हणून सही केली. खोली ७,५०० रुपये रोज. पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे ५,०००.

मला वाटलं, रोजचे अडीच हजार वरचे भरू. तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की त्याच प्रमाणात डॉक्टरांच्या व्हिजिट, सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग हेही कापतात. ५,००० भागिले ७,५०० म्हणजे दोन तृतीयांश. आमचा हिशेब असा झाला:

खोली ८२,५००, मंजूर ५५,०००.
सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट, नर्सिंग मिळून १,२०,०००, मंजूर ८०,०००.
औषधं ७४,०००, पूर्ण मंजूर.
तपासण्या ३१,५००, पूर्ण मंजूर.
हातमोजे, गॉज, डायपर, किट वगैरे १८,०००, मंजूर शून्य.

पहिल्या दोन ओळींतले साडेसत्तावीस आणि चाळीस, मिळून ६७,५०० रुपये सोफ्याचे. त्यावर मामी एक रात्रही झोपली नाही, खाली सतरंजीवरच झोपली. शिवाय रोज ५,००० च्या वरच्या खोलीला, आयसीयू सोडून, ५ टक्के जीएसटी लागतो. तो वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. औषधं, तपासण्या आणि आयसीयूला ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. कपातीचं पत्र आलं की तेवढं तपासून बघाच.

नवीन पॉलिसी घेणाऱ्यांनी शुगर लपवू नये. एजंट म्हणतो, ‘लिहू नका, हप्ता वाढेल.’ क्लेमच्या वेळी मात्र जुना केसपेपर मागतात, आणि त्यावर डॉक्टरांनी ‘मधुमेह, १० वर्षं’ असं लिहिलेलं असतं. आधीच्या आजारासाठीची वाट बघण्याची मुदत १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे. ती काढायची, पण खरं लिहून. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीला ही मुदत बहुधा नसते, म्हणून मामांचं निभावलं.

डोळ्यांच्या इंजेक्शनबद्दल एक. ‘चोवीस तास अ‍ॅडमिट नव्हता’ म्हणून क्लेम नाकारला असं कुणी सांगितलं तर मुकाट्याने परतू नका. डोळ्याच्या आत देण्याची इंजेक्शनं ज्यांना संरक्षण द्यायलाच हवं अशा आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत. रकमेची मर्यादा मात्र कंपनी घालू शकते. आणि डॉक्टरांना विचारा की याच कामाचं स्वस्त इंजेक्शन चालेल का. स्वस्त बेव्हासिझुमॅब आणि महाग अफ्लिबरसेप्ट यांच्या किमतींत कैक पटींचा फरक असतो. कुठलं चालेल ते पडदा बघून तेच सांगतील, पण विचारायला हवं तुम्हीच.

सहावं काम: लेखी अंदाज आणि रोजची वही

अ‍ॅडमिट करतानाच खर्चाचा लेखी अंदाज मागा. पायाच्या बाबतीत अंदाज हमखास चुकतो, कारण जखम उघडल्याशिवाय ती किती खोल आहे ते सर्जनलाही कळत नाही. म्हणून दोन आकडे मागा: एकदाच साफ करून भागलं तर किती, आणि पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर किती. रक्तवाहिनीचा डॉपलर (पायाला रक्त पोचतं का हे बघणारी सोनोग्राफी) आधी होणार की नंतर, हेही विचारा. रक्तपुरवठाच बंद असेल तर नुसतं साफ करून जखम भरत नाही, आणि मग दुसरं ऑपरेशन, दुसरं बिल.

राज्याच्या नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते लिफ्टच्या मागे कुठेतरी असतं. शोधा, फोटो काढा.

शंभर पानी वही आणा. रोज संध्याकाळी बिलिंग काउंटरवरून त्या दिवसापर्यंतचं बिल घ्या आणि वहीत लिहा: आज कोण डॉक्टर आले, कुठलं रक्त नेलं, मेडिकलमधून काय आणलं, काय परत केलं. आमच्या बिलात आहारतज्ज्ञांच्या चार भेटी होत्या. वहीत एकच होती. दाखवल्यावर तीन वजा झाल्या, वादावादी न होता. पाचव्या दिवशी सापडलेली चूक सुधारली जाते. डिस्चार्जच्या दिवशी सापडलेल्या चुकीवर ‘आता सिस्टीममध्ये बदलत नाही’ असं उत्तर येतं.

सातवं काम: औषधं

रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती नाही. बाहेरून आणणार असाल तर पक्कं बिल घ्या आणि बॅच नंबर, मुदत तपासून सिस्टरकडे द्या. सगळंच बाहेरून आणायचा हट्ट धरू नका. रात्री दोनला लागणारं इंजेक्शन बाहेर शोधणं परवडत नाही. रोजची महाग अँटिबायोटिक्स कुठली तेवढी विचारा आणि तेवढ्यांचीच किंमत बाहेर ताडून बघा. त्याच औषधाच्या दुसऱ्या ब्रँडची छापील किंमत निम्मी असू शकते.

घरच्या गोळ्यांसाठी जन औषधी केंद्र आहेच. शुगरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहाच्या आसपास आली. तुमच्या चिठ्ठीवर अजून जुना ब्रँड असेल तर पुढच्या खेपेला विचारा.

इन्सुलिनमध्ये काटकसर करताना मात्र जपून. पेनपेक्षा बाटली स्वस्त पडते हे खरं. पण बाटली ४० ची (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) असेल तर सिरिंज लाल टोपणाची, ४० चीच हवी; १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो, शुगर कोसळते, आणि पाच-सहा रुपयांच्या सिरिंजपायी आयसीयूची रात्र पदरात पडते.

आठवं काम: डायलिसिसची तयारी, सुरू व्हायच्या आधी

सगळ्यात लांब हप्ता हाच. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ खेपा. एका खेपेला दीड हजार धरले तरी २,३४,००० रुपये. वर रक्तवाढीची इंजेक्शनं, रिक्षा, आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज.

म्हणून हा खर्च योजनेवरच चालायला हवा. जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची केंद्रं आहेत, दारिद्र्यरेषेखालच्यांना तिथे मोफत. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीतही डायलिसिस आहे. उत्पन्नाची मर्यादा १,६०,००० रुपये, आणि अर्ज उपचार चालू असतानाच करायचा, बिल भरून झाल्यावर परतावा मिळत नाही. प्रवासालाही विचारा: किडनीच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेत सवलत आहे, एसटीच्या साध्या बसमध्येही डायलिसिसच्या रुग्णांना आहे.

केंद्र घराजवळचं निवडा. दूरचं मोफत केंद्र सहा महिन्यांनी जवळच्या विकतच्या केंद्रापेक्षा महाग पडलेलं मी आमच्याच आळीत पाहिलं आहे.

हाताची फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन) वेळेत करून घेतली नाही हे इथलं सगळ्यात महागडं चुकणं. फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. ‘अजून डायलिसिस लागलं नाही ना, मग कशाला’ म्हणून घरचे ढकलत राहतात, आणि एके रात्री पाणी छातीत साठतं. मग मानेतून नळी, आयसीयू, नळीचा जंतुसंसर्ग, आणि फिस्टुला वेगळी करावी लागतेच. नेफ्रॉलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरांनी) ‘करून घ्या’ म्हटलं की तारीख घ्या. तोवर ज्या हाताने काम करत नाही त्या हाताला सुई टोचू देऊ नका, बीपीचा पट्टाही दुसऱ्या हाताला. त्या शिरा जपून ठेवायच्या असतात. हिपॅटायटिस बीची लसही याच काळात.

नववं काम: डिस्चार्ज आणि त्यानंतरचे दोन महिने

कॅशलेस असेल तर रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने उत्तर द्यायचं आहे. त्यापलीकडच्या उशिराचा भार तिने सोसायचा, तुम्ही नव्हे. म्हणून बिल किती वाजता पाठवलं ते काउंटरवर विचारून वहीत लिहा.

बाहेर पडताना डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल, सगळे मूळ रिपोर्ट, पावत्या आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर स्टेंटचा स्टिकर, इतकं हातात आहे ना ते बघा. डिस्चार्ज कार्डावर ‘एक दिवसाआड ड्रेसिंग, आठ आठवडे’ असं स्पष्ट लिहून घ्या. पुढे पैसे या ओळीवर मिळतात. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो, आणि बहुतेक लोक तो मागतच नाहीत. मामांची ड्रेसिंग अठ्ठावीस झाली, चारशेप्रमाणे ११,२००. सिस्टर घरी यायची, पावतीबिवती कुणी घेतली नव्हती. शेवटी तिच्याकडून तारखांनिशी पावत्या लिहून घेतल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडल्या, आणि पैसे आले.

क्लेम चुकीचा कापला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मी खोलीभाड्याच्या कपातीसाठी तिथे गेलो नाही. नियम त्यांच्या बाजूने होता.

मामांना आता एमसीआरची (खास मऊ रबराची) मऊ तळाची चप्पल आहे. रोज रात्री मामी मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. यंदाच्या वारीला ते निघाले ते लोणंदपर्यंत जीपमधून.